एकाहत्तर ठोके

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला महिना झाला आणि उत्तर आज देते आहे, म्हणजे मनातल्या मनात माझा कान पिळून झाला असेल. पण कारण ऐकलंस तर सोडशील. साठाव्या वर्षी तुझी धाकटी लेखिका झाली आहे! आपल्या चर्चला या मे महिन्यात दीडशे वर्षं होतात. नवे फादर घरी आले. तुझ्या मुलाच्याच वयाचे असतील, पण चालतात बिशपसारखे. चहा घेतला आणि म्हणाले की बाई, तुम्ही निवृत्त शिक्षिका, त्यात घंटा वाजवणाऱ्याची मुलगी, वर अक्षर कॉन्व्हेंटचं. चर्चचा इतिहास तुम्ही नाही लिहायचा तर कोणी? मी आढेवेढे घेतले, पण घ्यायला हवे होते तितके घेतले नाहीत.

तर आता रोज सकाळच्या मिस्सेची प्रार्थना झाली की मी वेदीमागच्या खोलीत जाऊन बसते. तीच खोली, तोच ओल आणि मेणाचा वास. टेबलाच्या एका पायाखाली अजून बाबांनी ठेवलेली फरशी आहे. समोर तीन वह्या: बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची. तिन्हींत तीच माणसं, फक्त एका वहीतून दुसरीत जातात. पहिल्या फादरांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, भिंग लावून वाचावं लागतं. पण त्यातून कळलं की आधी इथे नुसती फळ्यांची शेड होती, आणि घंटा गाडीतून येताना ओढ्यात पडली, ती तीन दिवस पाण्यात होती. म्हणून तिचा आवाज जरा घोगरा, असं बाबा म्हणायचे ना? मला ती थाप वाटायची. वहीत आहे.

तुझ्याकडून मला दोन-तीन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे बाबांची हाक. संध्याकाळी मनोऱ्याच्या जिन्याला कुलूप लावायच्या आधी ते वर तोंड करून तीनदा विचारायचे, कोणी राहिलंय का वर म्हणून. मग टोपी हातात घेऊन एक प्रार्थना पुरी होईपर्यंत थांबायचे. मी त्यांचं बोट धरून उभी असायचे आणि कंटाळून एका पायावर नाचायचे. आताचा घंटावाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला, तोही तेच करतो. का, ते त्याला ठाऊक नाही. फादरांची खात्री आहे की ही संस्थापकांच्या काळची प्रथा आहे, आणि त्यावर त्यांना एक अख्खं प्रकरण हवं आहे. पण जुन्या वह्यांत तिचा उल्लेख कुठेच नाही.

दुसरी गोष्ट गमतीची. पूर्वी कोणी गेलं की घंटेचे सावकाश एकेक ठोके द्यायचे, जितकं वय तितके. ठोके सुरू झाले की माणूस असेल तिथे उभा राहायचा आणि मनात मोजायचा. संपले की कोण गेलं ते कळायचं, आणि मग सगळे त्या घरी. तर एका दुपारी एकाहत्तर ठोके पडले, आणि गावात एकाहत्तर वर्षांची एकच, बेकरीवाली आजी! अख्खं गाव फुलं घेऊन तिच्या दारात. आजी पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, मी मेले असेन तर भट्टीपाशी काय माझं भूत उभं आहे? अजूनही कोणी फुकटची घाई केली की इथे म्हणतात, बेकरीवाल्या आजीची घंटा झाली. हा किस्सा पुस्तकात घालायचाच. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन, मला फक्त सगळे हसत होते एवढं आठवतं. तू सांग सविस्तर.

तिसरी जरा विचित्र. मेणबत्त्यांच्या कपाटात, पार मागे, एक गाठोडं सापडलं. वेदीवर घालायच्या कापडात गुंडाळलेले कापडी बूट, मुलीचे, लहान पावलाचे, निळ्या नाड्यांचे. कापडावर इस्त्रीने जळल्याचा मोठा डाग आहे. गाठ बाबांची, ती मी कुठेही ओळखेन. कोणाचे असतील गं?

आणखी एक, पण हसू नकोस. गाठोडं सोडल्यापासून दुपारी, बाराची घंटा होऊन गेल्यावर, मी एकटी असते तेव्हा एक ठोका पडतो. एकच. दोरी पोर्चमध्ये तशीच लटकत असते, कोणी हात लावलेला नसतो. घंटावाला म्हणतो पारवे असतील. असतीलही.

बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस. एकोणीस वर्षं मी तो कडू घोट गिळून बसले आहे, आता उगाळत नाही. निदान आठवणी तरी पाठव. त्यांचे काही तुझ्यासारखे गुडघे दुखत नाहीत.

माझ्यावरचा लोभ पुढच्या पत्रातही तसाच येऊ दे.

तुझी,
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. लेखिकाबाईंचं अभिनंदन. लहानपणी निबंध माझ्याकडून लिहून घ्यायचीस, ते फादरांना सांगितलंस का? काळजी करू नकोस, मी फोडणार नाही.

इथे सगळे बरे आहेत. सूनबाईंची बदली टळली. नातीचे पुढचे दोन दात पडले आहेत आणि ती शीळ घालायला शिकते आहे, दिवसभर घरात नुसती हवा सुटते. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत. तसं पाहिलं तर जिने मी कधीच सोडले.

घंटा ओढ्यात पडली ते खरं आहे. बाबांच्या आजोबांनी ती काढायला मदत केली होती, त्यांचा अंगठा त्यात चेंगरला. वेदीच्या उजव्या हाताच्या खिडकीत एक काच जरा वेगळ्या निळ्या रंगाची आहे बघ. मूळची वादळात फुटली आणि तशी पुन्हा मिळाली नाही. ऑर्गनच्या मागच्या फळीवर खडूने नावं लिहिलेली आहेत, सगळ्या गाणाऱ्या मुलींची. पुसली नसतील तर तीही उतरवून घे. एवढं तुझ्या प्रकरणाला पुष्कळ होईल.

बेकरीवाल्या आजीचा किस्सा मात्र घालू नकोस. चर्चच्या पुस्तकात असलं हसणं-खिदळणं बरं दिसत नाही. बाबांची हाक हीही त्यांची एक सवय होती, जुन्या माणसांना असतात. प्रथा वगैरे काही नाही.

दुपारी त्या खोलीत एकटी बसू नकोस. ओल असते, छाती धरेल. सकाळचंच काम करत जा. ठोका एकच पडतो, असं लिहिलं आहेस. एकच ना? नीट मोजलास का?

आईच्या आणि बाबांच्या जागेवर माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव.

इथल्या सगळ्यांची माया तुला आहे हे धरून चाल.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतक्या वर्षांत मी हजारेक वह्या तपासल्या असतील. पोरं जो प्रश्न सोडून देतात त्याचंच उत्तर त्यांना पक्कं माहीत असतं, पण लिहायची भीती वाटते, एवढं मला कळतं. तू काचेचा रंग सांगितलास, अंगठा सांगितलास. बुटांबद्दल एक अक्षर नाही.

खडूची नावं आहेत. अकरा आहेत. त्यातल्या एकाभोवती कोणीतरी पक्ष्याचं चित्र काढलं आहे, चोच उघडलेल्या. ते नाव मी दफनाच्या वहीत शोधलं. सापडलं. वय चौदा, मनोऱ्यावरून पडून. आणि पुढे, जिथे प्रत्येकासमोर ठोक्यांचा आकडा असतो, तिथे लिहिलं आहे: घंटा नाही. त्यानंतर वहीत कोणासमोरच आकडा नाही. मोजून ठोके द्यायची पद्धत त्या दिवशी थांबली, ताई. बिशपांनी वगैरे बंद केली नाही, फादरांचा तो अंदाज चुकला.

ती ऑर्गनवाल्या बाईंची मुलगी. तुम्ही तिला शिट्टी म्हणायचात ना, आवाज उंच म्हणून? मला ती आठवते, पण धुक्यातल्यासारखी. मला सांगितलं होतं की पारव्यांची अंडी काढायला छपरावर चढली आणि पडली. मी कितीतरी वर्षं अंडी खाल्ली नाहीत.

मग मी तेव्हाच्या फादरांची रोजनिशी काढली. त्याच तारखेला लिहिलं आहे की दुपारी घंटा चुकून वाजली, बेकरीवाली आजी सुखरूप आहे, देवाची दया. त्याखालच्या चार ओळी पात्याने खरवडलेल्या. कागद तिथे इतका पातळ झाला आहे की उजेडाला धरला तर बोट दिसतं. तीच तारीख, ताई. गाव हसलं तो दिवस आणि ती गेली तो दिवस एकच. मी साठ वर्षांची झाले आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

गावात तेव्हाचा जाणता माणूस एकच उरला आहे, म्हातारा शिंपी. सत्त्याऐंशीचा आहे, अजून सुईत दोरा स्वतः ओवतो आणि आपण ओवायला गेलो तर रागावतो. त्याला विचारलं. आधी म्हणाला की मास्तरीण, मेलेल्यांना उठवू नकोस, त्यांना आमच्याकडे बघवणार नाही. मग बोलला. ती वर गाण्याचा सराव करायला जायची, वर आवाज घुमतो म्हणून. त्या दिवशी जिन्याचं दार बाहेरून बंद झालं. दोरी खाली पोर्चमध्ये, ती वर. तिने घंटेचा लोळा हाताने ढकलून ठोके दिले, सुटकेसाठी. हाताने ढकलायचं म्हणजे एकेकच पडणार. आणि खाली सगळे उभे राहिले आणि मोजत बसले. वर बघायला कोणी गेलं नाही. शिंपी म्हणाला की दोन ठोक्यांच्या मध्ये कोणीतरी रडल्याचं ऐकू येत होतं, त्यानेही ऐकलं. त्याला वाटलं, ज्यांचं माणूस गेलं ते रडत असतील. एकाहत्तरनंतर ठोके थांबले तेव्हा ती खिडकीतून छपरावर उतरायला गेली. आम्ही तेव्हा आजीच्या दारात हसत होतो, म्हणाला.

मी विचारलं, दार कोणी बंद केलं. तो म्हणाला की तुला माहीत नाही? तुझ्या बापाने. न बघता कुलूप लावलं. स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं त्याने. विषय तिथेच संपला.

ताई, माझा विश्वास बसत नाही. बाबा कपाट उघडायच्या आधी दोनदा ठोठावायचे, आत उंदीर असेल तर घाबरू नये म्हणून! पण त्यांनीच सांगितलं म्हणे. मग ती हाक कसली ते आता कळलं. पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी तीनदा.

फादरांना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी दफनाची वही उघडून ते नाव स्वतः वाचलं. मग म्हणाले की इतिहास लिहायचा तर हेही येऊ दे, आणि तिचं नाव येऊ दे. दहा मेला पुस्तक छापायला जाणार. म्हणजे मला माझ्या हाताने लिहायचं आहे की आमच्या बाबांमुळे एक पोर गेली. मी दोनदा बसले. पेन पुढे जात नाही. नाही लिहिलं तर मीही त्या मोजत उभ्या राहिलेल्यांतलीच एक. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस, तुला माहीत असणार. खरंच बाबांनीच का?

काल दुपारी सात ठोके पडले. मी मोजत होते, आणि मोजते आहे हे लक्षात आल्यावर टेबलाची कड घट्ट धरून उठले. पोर्चमध्ये कोणी नव्हतं. दोरी जराही हलत नव्हती.

लोभ असेल तर या वेळी काचेचा रंग लिहू नकोस.

तुझी,
धाकटी

३० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाबांनी नाही. मी.

एवढे तीन शब्द लिहायला मला चौपन्न वर्षं आणि गेले आठ दिवस लागले. आता बाकीचं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा होणार नाही, म्हणून खाडाखोड झाली तरी तशीच पाठवते.

त्या आठवड्यात बाबांचा खांदा निखळला होता. मेणबत्त्यांची पेटी उचलताना. हात गळ्यात बांधून ते घरी बसले होते आणि घंटा आणि किल्ली माझ्याकडे होती. मला त्याचा केवढा ताठा होता! किल्ली मी एप्रनच्या खिशात मुद्दाम वाजत ठेवायचे.

शिट्टी माझी मैत्रीण होती. ते पक्ष्याचं चित्र मीच काढलं आहे. पण सणाच्या मिस्सेतलं एकटीने गायचं गाणं त्या वर्षी तिला मिळालं. तीन वर्षं ते माझं होतं. बाईंनी आपल्या मुलीला दिलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण खरं म्हणजे तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता आणि ते मला कळत होतं. आम्ही चार दिवस बोलत नव्हतो.

मी बाराची घंटा दिली. जिन्याच्या दारापाशी तिचे बूट होते. पायऱ्या झिजलेल्या, गुळगुळीत, म्हणून सगळे बूट काढूनच चढायचे. निळ्या नाड्या. मी ते पाहिले, धाकटे. न बघता कुलूप लावलं असं नाही झालं. मी बूट पाहिले, उचलून बाहेर पोर्चमध्ये ठेवले, आणि किल्ली फिरवली. बसू दे अर्धा तास, गाऊ दे पारव्यांना, असं मनात म्हटलं. अर्ध्या तासाने जाऊन उघडणार होते. वरून हसणारही होते.

घरी आले तर आईने वेदीची कापडं इस्त्रीला दिली. मी इस्त्री करत होते तेव्हा ठोके सुरू झाले. बाबांचा हात बांधलेला, तेव्हा फादर स्वतःच देत असतील, असं म्हणून आई कढईपाशी उभी राहिली आणि मोजायला लागली. तू दारात बसून तिच्या मागोमाग आकडे म्हणत होतीस. तुला तेव्हा वीसच्या पुढचे येत नव्हते, तू पुन्हा एकपासून सुरू करायचीस. गावात सगळे मोजत होते. सगळ्या गावात एकटी मी होते जिला माहीत होतं की कोणीही मेलेलं नाही. किल्ली माझ्या खिशात होती. पण आता धावत गेले तर सगळ्यांना कळेल, बाबा काय म्हणतील, किल्ली काढून घेतील, एवढंच माझ्या डोक्यात. मला वाटलं, इतका आवाज करते आहे, कोणीतरी जाईल, मग मी म्हणेन की मला माहीत नव्हतं. मी इस्त्री करत राहिले. मग ठोके थांबले आणि लोक बेकरीकडे धावले आणि हशा ऐकू आला, आणि मला बरं वाटलं. आता सगळं गमतीवारी जाईल, असं वाटलं. इस्त्री कापडावर तशीच होती. तोच तो डाग.

मी गेले तेव्हा ती चर्चच्या मागच्या बाजूला होती. पायांत मोजे होते. एका मोज्याला अंगठ्यापाशी रफू केलेलं होतं, पांढऱ्या मोज्याला पिवळ्या दोऱ्याने.

बाबा माझ्या मागून आले होते. त्यांनी एका हाताने माझ्या खिशातून किल्ली काढली. बूट उचलले. माझ्याकडे न बघता म्हणाले की घरी जा आणि कापडाची घडी घाल. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की मी कुलूप लावलं. खांदा निखळलेल्या माणसाने ते जड दार कसं ओढलं, हे एकानेही विचारलं नाही. कारण तो प्रश्न विचारला असता तर पुढचा तयार होता, की घंटा ऐकून तुम्ही काय केलंत. ऑर्गनवाल्या बाईंनीही मोजले होते. त्याही फुलं घेऊन बेकरीपाशी गेल्या होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी ऑर्गनला हात लावला नाही आणि वर्षाच्या आत गाव सोडलं.

मला पंधरा दिवसांत सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये पाठवलं. तुला वाटायचं ताईचं नशीब, तिला शिकायला शहरात पाठवलं. स्टेशनवर बाबा एवढंच म्हणाले की तू शिक, वरचं मी बघतो.

आणि त्यांनी बघितलं. दर वर्षी त्या तारखेला मला त्यांचं एक कार्ड यायचं. त्यावर एकच ओळ असायची: वर कोणी नाही. मी पाहिलं. बस, खाली सहीसुद्धा नाही. सगळी कार्डं माझ्याकडे आहेत. बाबा गेल्याची तार आली तेव्हा मी बॅग भरली होती. दारापर्यंत गेले होते. पण बाबांना पोचवायला घंटा वाजणार होती, आणि ती ऐकायला मी तिथे उभी राहू शकत नव्हते. तू मला काय काय म्हणाली असशील ते सगळं मला लागू आहे.

एकोणीस वर्षं झाली, धाकटे. एकोणीस वर्षं मला कोणी सांगितलेलं नाही की वर कोणी नाही.

बाबांचं नाव लिहू नकोस. माझं लिही. तू लिहिशील ते मला मान्य आहे. यापुढे पत्र लिहावंसं वाटलं नाही तरी मी समजेन.

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

तुझी,
ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाभर तुला पत्र नाही, हे मुद्दामच. खोटं कशाला लिहू? पहिला आठवडा मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुसऱ्या आठवड्यात बाबांवर चिडले. मला का नाही सांगितलं? मी शेजारी उभी असायचे, एका पायावर नाचत. मग एका सकाळी त्या जळक्या कापडाची घडी घालताना मला सोळा वर्षांची एक मुलगी दिसली, आणि मी शाळेत सोळा वर्षांच्या चाळीसएक तुकड्या सांभाळल्या आहेत. फोटो पुन्हा सरळ केला आहे. काच मात्र तडकली, ती तुझ्याकडून वसूल करीन.

फादरांना मी तुझं पत्र दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की कुलूप बाबांनी लावलं नव्हतं. त्यांनी कोणी लावलं ते विचारलं नाही. म्हणाले, तिची घंटा राहिली आहे, ती आधी देऊ.

परवा रविवारी मिस्सेनंतर, लोक घरोघर पोचल्यावर, चौदा ठोके दिले. आधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी पोर्चमध्ये उभी होते. तिथून खाली सगळी गल्ली दिसते. ज्यांना पद्धत ठाऊक नाही ती तरुण माणसं नुसती वर बघत होती. पण शिंपी दुकानाच्या पायरीवर बसला होता, आणि दुसऱ्या ठोक्याला तो उठला. चौथ्याला चालायला लागला. काठी विसरला, एका हातात कापड तसंच, त्याला सुई लटकलेली. त्याच्याकडे बघून बेकरीवाल्या आजीचा नातू निघाला, मग त्याची बायको, मग दारादारांतून एकेक माणूस. चौदावा पडला तेव्हा पोर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शिंप्याला दम लागला होता. तो म्हणाला, या वेळी मी मोजले नाहीत.

मग मी वर गेले. साठाव्या वर्षी, एकटी, बूट काढून. माझे आणि तिचे शेजारी शेजारी ठेवले, जिन्याच्या तोंडाशी. तिच्या नाड्या नीट बांधल्या होत्या. वर घंटा आहे, धूळ आहे, पारव्यांची पिसं आहेत. लोळ्याच्या एका बाजूला हाताच्या उंचीवर धातू घासून चकचकीत झाला आहे. चौपन्न वर्षांत त्यावर गंज यायला हवा होता. खिडकीतून सगळं गाव दिसतं, आपलं स्वयंपाकघरही.

मी खाली आले तेव्हा बूट जागेवर होते. तिच्या नाड्या सुटलेल्या होत्या. माझ्या गाठी नेहमीच ढिल्या बसतात, हे तूच म्हणायचीस.

म्हणून बाबांसारखी ती ओळ मी तुला लिहू शकत नाही, ताई. मी पाहिलं, एवढंच लिहिते. पुढचं तू येऊन पाहा.

पान लिहून तयार आहे. तिचं नाव आहे, बाप्तिस्म्याचं, पूर्ण. बेकरीवाल्या आजीचा किस्साही आहे, शेवटापर्यंत, जसा घडला तसा. दार कोणी बंद केलं ती एक ओळ मी कोरी ठेवली आहे. ती माझ्या अक्षरात नको. दहा तारखेला कागद जाणार, तोवर थांबते. नाही आलीस तर कोरीच छापीन, पण बाबांचं नाव तिथे येणार नाही.

दुपारचे ठोके रविवारपासून थांबले आहेत. घंटावाला म्हणतो पारवे उडाले. मला वाटतं कोणीतरी वाट बघतं आहे.

लोभ आहे. पुरून उरेल इतका आहे, येऊन बघ.

तुझी,
धाकटी

४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठ तारखेच्या सकाळच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस. तू आलीस की मी रडेन आणि उशीर होईल. मुलाला सगळं सांगितलं आहे. तो सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. बाबांची पस्तीस कार्डं बरोबर आणते. पुस्तकात घालायची नाहीत, पण तू ती वाचावीस.

घंटावाल्याला निरोप दे की त्या संध्याकाळी जिन्याला कुलूप लावू नको आणि हाकही मारू नको. ती मी मारीन. बूट तिथेच असू देत, पोर्चमध्ये नकोत, आत पायरीशी.

गुडघ्यांची काळजी करू नकोस. हळूहळू चढेन, आणि वर पोचेपर्यंत मोजणार नाही.

तुझी,
ताई